जखमेचं तोंड

कंपनीतली पहिली पाळी सुटली तसा वाल्मिक वाटेत कुठे न थांबता सिल्वासाच्या आमली भागातल्या चाळीत आपल्या खोलीवर आला, आणि दारातूनच जे दिसलं त्यानं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. झुंबर खाटेवर आडवा होता, लुंगी वर सरकवलेली, आणि कावेरी, वाल्मिकची लग्नाची बायको, त्याच्या मांडीवर वाकून जखमेवरची जुनी पट्टी सोडवत होती.

रोजचंच होतं हे. झुंबर त्याच्या गावचा, एकाच कंपनीतला, त्यांच्याच खोलीत राहणारा. कंपनीत मांडीचं हाड मोडलं, ते सळी घालून जुळलं, पण हाडात पू झाला. सिल्वासाच्या डॉक्टरांनी सळी काढली, मेलेल्या हाडाचा तुकडा काढला आणि बजावलं, की जखमेचं तोंड मिटू द्यायचं नाही. रोज आत पट्टी भरायची, म्हणजे जखम तळापासून भरून येईल. वरून मिटली आणि आत पू राहिला, तर पाय कापावा लागेल. झुंबरला वाकता येत नव्हतं आणि इथे त्याचं दुसरं कोणी नव्हतं.

वाल्मिकला हे सगळं समजत होतं. तरी दोन महिने तो आतल्या आत जळत होता. त्या जखमेचासुद्धा त्याला हेवा वाटायचा.

त्यानं जवळ जाऊन पाहिलं. कडा जवळ आल्या होत्या, शेंगदाणा जाईल एवढंच तोंड उरलं होतं.

"मिटली की. आता बस झालं," तो म्हणाला.

आतून अजून ओलं येतंय, असं कावेरीनं मान वर न करता सांगितलं.

"मिटू दे म्हणतो ना मी."

झुंबर छपराच्या पत्र्याकडे बघत होता. "वाल्मिकभो," तो हळूच म्हणाला, "पाय जाईल रे माझा."

वाल्मिक ओशाळला, पण माघार घेणाऱ्यातला तो नव्हता. आजपासून पट्टी मीच करणार, त्यानं जाहीर केलं. कावेरीनं त्याला कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावले आणि उकळलेला चिमटा पुढे केला.

काम एकदाचं उरकून टाकायचं, असंच त्याच्या मनात होतं. पण आतली चिकटलेली पट्टी ओढली तशी झुंबरच्या पायाची बोटं आखडली, आणि वाल्मिकचा हात आपोआप सैल पडला. कंपनीत दिवसभर तुटलेला धागा जोडणारी बोटं ती. त्यानं पट्टी औषधानं भिजवली, तसूतसूनं बाहेर काढली, नवी तितक्याच सावकाश आत सरकवली. दर वेळी थांबून विचारत होता, दुखतंय का? झुंबरच्या कपाळावरचा घामही त्यानं आपल्या रुमालानं टिपला.

आज काहीच दुखलं नाही, झुंबर म्हणाला. वाल्मिकनं मोठ्या दिमाखात बायकोकडे पाहिलं.

कावेरी घाण पट्ट्यांचं घमेलं घेऊन उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, खाटेवरच्या झुंबरकडे बघत होती.

"चार वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "मला नाही कधी विचारलं, दुखतंय का म्हणून."