शेपटीची जागा

नळाखाली धरलेल्या कापडातून पुन्हा निळं पाणी सुटलं. बेसिन निळं झालं, कापड पांढरं.

वाशिमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तनुजाने तो तुकडा पिळला आणि आधीच्या फसलेल्या तुकड्यांशेजारी वाळत टाकला. जिवाणूंकडून तिने एक एन्झाइम बनवून घेतलं होतं. बिनरंगाच्या द्रावाचा ते निळा रंग करायचं. तेवढं जमलं होतं. त्या एन्झाइमलाच तिने प्रथिनाची एक बारीकशी शेपटी जोडली होती. शेपटीने सुताला धरून ठेवायचं आणि रंग सुतातच तयार व्हायचा, असा बेत होता. पण शेपटी धरतच नव्हती.

"शेपटीचा नाद सोड," तिच्या मार्गदर्शक शुभांगी मॅडम म्हणाल्या. "मुदत जवळ आली. नुसत्या रंगावरही प्रबंध होतो."

"सुटणारे रंग बाजारात आहेतच, मॅडम."

मॅडम वर्गावर गेल्या.

दुपारी तिची आई पंचफुला वांगी विकून रिकामी टोपली घेऊन दारात आली. "चाल वं, मेडशीची गाडी निघून जाईन."

"तू जाय आई. मले थांबा लागते."

"काहून? बिघडलं काय?"

"शेपटी मांगच्या टोकाले लावली होती. तिथं ते एन्झाइमच्याच घडीत दबून जात असन. आता समोरून लावतो."

"अन् तसंबी नाई जमलं त?"

"त मधात लावीन."

पंचफुलाने फडक्यात बांधलेली भाकर टेबलावर ठेवली.

"इथं नोको ठेवू, आई! भाईर, खिडकीत ठेव."

जनुक नव्याने जोडायचं, जिवाणू वाढवायचे, एन्झाइम वेगळं काढायचं. त्यात कित्येक आठवडे गेले. मग एका सकाळी तनुजाने नवा तुकडा नळाखाली धरला. या वेळी मॅडम शेजारी उभ्या होत्या.

पाणी आलं तसंच नितळ वाहून गेलं. कापडावर निळा रंग होता.

"फिका आहे," मॅडम म्हणाल्या.

"फिक्का हाये," तनुजाच्या तोंडून घरचीच बोली निघाली, "पण राह्यला, मॅडम."

मॅडमनी कापड तिच्या हातातून घेतलं, बाह्या सारल्या आणि साबणाची वडी उचलली. दोन्ही हातांनी त्या ते घासू लागल्या. घासतच राहिल्या.

फेस पांढराच येत होता.