रस्त्यापासून फोटोपर्यंत

वरच्या मजल्यावरच्या हिमेनाने बेल दाबली ती दाबूनच धरली. साधनाकाकूंनी दार उघडलं, हातात तळणीचा झारा तसाच.

“हे मला द्याल?” हिमेनाने जर्मनमध्ये विचारलं आणि चौकटीवरच्या झेंडूच्या तोरणाकडे बोट दाखवलं. सकाळपासून तिने अख्खं ब्राउनश्वाइग शहर पालथं घातलं होतं. जर्मनीत नोव्हेंबरात झेंडू कुठला मिळायला?

काकूंना कळेना, ऐन दिवाळीच्या पाडव्याला दारचं तोरण मागतं कोण? “कशाला गं?”

“माझा भाऊ यायचाय. आमच्या मेक्सिकोत वारलेली माणसं आज घरी येतात. रस्त्यापासून फोटोपर्यंत झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या, त्या वासावर येतात ती.” “एमिलिओ वारला तेव्हा आम्ही म्युनिकला होतो. हे घर त्याने पाहिलेलंच नाही. पत्ताच ठाऊक नाही हो त्याला.”

सणाचं तोरण, आणि ते मेलेल्या पोरासाठी. काकूंचं मन कचरलं. तरी स्टूल ओढून त्या वर चढल्याच. “घे. पण बाळा, ते...” त्यांनी तोरण काढून तिच्या हातात दिलं.

हिमेनाने तोरणात तोंड खुपसलं. फुलं कापडी होती. वास कसलाच नव्हता.

ती मटकन पायरीवर बसली. “म्हणजे तो म्युनिकलाच जाणार. तिथे आता दुसरेच लोक राहतात.” काकूंनी पाठीवरून हात फिरवला, पण तिला तो कळलासुद्धा नाही.

मग एकदम उठून ती वर घरात पळाली आणि एक हवाबंद पिशवी घेऊन आली. आत एमिलिओचा फुटबॉलचा टी-शर्ट होता, न धुतलेला. अगदीच राहवलं नाही की ती पिशवी जराशी उघडायची, एक श्वास घ्यायची आणि लगेच मिटायची.

“अगं, नको उघडूस,” काकू म्हणाल्या. “उडून जाईल सगळा वास.”

“मग दुसरं काय आहे माझ्याकडे?”

खाली जाऊन तिने इमारतीचं दार सताड उघडलं, टी-शर्ट बाहेर काढला आणि कडीला बांधला. रस्त्यावरचा गार वारा त्याच्यातून जिन्यात शिरू लागला.

हिमेना भिंतीला टेकून श्वास रोखून उभी राहिली. आपण तो वास ओढला तर एमिलिओला तेवढा कमी पडेल.