आधी वारा येतो

सिंदी रेल्वे या गावातले कापसाचे व्यापारी प्रभाकरराव यांचा सगळा जन्म रुळांशेजारी गेला होता. त्यांचं वावर मात्र स्टेशनापासून दोन-तीन कोस आत होतं. मे महिन्यात तिथल्या कोरड्या विहिरीतला गाळ उपसताना भर दुपारी खालून गुणवंता ओरडला, "मालक, अथी वारा येऊन राह्यला! थंडा थंडा!"

प्रभाकरराव काठावरून वाकले. वारा तोंडावर आला आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. हा वारा त्यांच्या ओळखीचा होता.

मागच्याच महिन्यात त्यांच्या मुलानं, योगेंद्रनं, दिल्लीत त्यांना जमिनीखालची नवी मेट्रो दाखवली होती. "बाबा, आधी वारा येते, मंग उजेड, मंग गाडी. वारा आला का मांगं सरकजा," तो म्हणाला होता. मग हसला होता. "दरसाल पुढं पुढं चालली. एखाद्या दिवशी आपल्या सिंदीलेबी पोचते का पाहा."

"गुणवंता, घमेलं राहू दे! पयले वर ये!"

गड्यांनी दोर ओढून त्याला वर घेतलं. वारा वाढतच गेला, काठावरचा पाचोळा उंच उडाला. अंधाऱ्या तळाशी पांढरा उजेड पडला, दगडांवरून सरकत गेला आणि थांबला. वारा पडला.

खाली दारं सरकली. मग पावलं वाजू लागली, पुष्कळ माणसांची, सामानसुमान घेऊन उतरणाऱ्यांची.

विहिरीला पायऱ्या नव्हत्या. पावलं मात्र वर चढत होती.

प्रभाकररावांनी नकळत डोक्यावरची टोपी नीट केली, पाहुण्यांना घ्यायला आल्यासारखी.