बिननावाचं कुपन

बस स्टँडच्या बाकावर बसून तिने वायफायचे पैसे फोनवरून भरले, आणि नेट सुरू व्हायच्या आत मुलाचाच फोन आला.

“आई, स्टँडवर काय करतेयस?”

तिच्या खात्यातून पैसे गेले की मेसेज मुलाला जायचा. आईला कुणी फसवू नये म्हणून त्यानेच ती सोय केली होती.

“पाय दुखले, जरा टेकले,” म्हणत तिने फोन ठेवला आणि ती मनातून ओशाळली. या वयात लेकाशी खोटं बोलायची पाळी!

तिच्या भावाचं उद्या ऑपरेशन होतं. पण वाटणीच्या भांडणापासून घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि मुलगा ऑफिसचं काम दिवसभर घरातूनच करायचा.

भरलेल्या पैशांचं नेट वापरायचा आता धीर होईना, म्हणून ती कोपऱ्यातल्या वायफायच्या दुकानाशी गेली. “घरी कळणार नाही असं काही मिळेल का हो?”

“रोख द्या, कुपन घ्या,” दुकानवाली म्हणाली. “खरवडा, आतला आकडा फोनमध्ये टाका.”

“आणि नाव, नंबर?”

“तुमचं नाव घेऊन मी काय लोणचं घालू? कोण कुणाशी बोलतं, मलाही कळत नाही. म्हणून तर सुखाने झोपते.”

पडद्यावर भावाचा सुकलेला चेहरा आला. “ताई! मला वाटलं, तू पण तोंड फिरवलंस.”

“मूर्खा,” ती म्हणाली. मग दोघं पोटभर बोलली, रडली, एकदा तर खदखदून हसली.

डोळे पुसत ती उठली, तर दुकानासमोर तिची सून. दुकानवालीने तिला काही न विचारताच कुपन पुढे केलं. सून वळली आणि सासूला बघून पांढरीफटक पडली.

“आई, मी... भाजीला म्हणून...”

तिच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. ‘कुणाशी? कधीपासून?’ सासूच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“माफ करा हं,” ती म्हणाली, “मी ओळखलं नाही तुम्हाला.”

सुनेने कुपन मुठीत मिटलं.

“मीही नाही,” ती हळूच म्हणाली, आणि पलीकडच्या बाकावर पाठ करून बसली.