तीनदा तपासलेला अर्ज

बारा दिवसांत युरोपातले आठ देश, असा बेत मुख्याध्यापकांनी एकट्यानेच आखला. बायको म्हणाली, "अहो, एखाद्या गावी तरी दोन दिवस निवांत राहू या ना."

"लोळायचंच असेल तर घरचा पलंग काय वाईट आहे?" असं म्हणत त्यांनी तिचा व्हिसाचा अर्ज पुढ्यात ओढला. तीनदा तपासला, लाल पेनाने चुका दाखवल्या आणि दोनदा नव्याने लिहून घेतला. वर ऐकवलं, "तुझ्या वेंधळेपणापायी माझी सहल बुडायला नको."

"तुमचाही एकदा बघू का?" तिने विचारलं.

"आता तू मला शिकवणार?"

पंधरा दिवसांनी दोघांचे पासपोर्ट परत आले. तिला व्हिसा मिळाला होता. ह्यांच्या अर्जात मात्र परत येण्याची तारीख निघण्याच्या तारखेच्या आधीची होती, म्हणून तो नाकारला गेला होता.

"रद्द करून टाक सगळं!" मुख्याध्यापक कडाडले. तिने निमूटपणे सहल कंपनीला फोन लावला.



"हो, रद्दच करायचंय. नाही, नाही, दोघांचं नाही. फक्त ह्यांचं."