टॅनरांचं घराणं

“टॅनर म्हणजे कातडी कमावणारे,” डॅनियल पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवत म्हणाला. “माझे पूर्वज इंग्लंडमध्ये तेच करायचे. धंद्यावरून आडनाव पडलं.”

तो इंग्रजीतच बोलत होता. रुचाने शिकवलेलं ‘काका’ आणि ‘काकू’ तेवढं मराठी. रुचाशी लग्न ठरल्यावर तो पहिल्यांदाच फ्रीमाँटच्या या घरी जेवायला आला होता. रुचाच्या आईने, वसुधाने, पानं वाढतानाच आडनावाची चौकशी केली होती. ही खोड आपल्या लोकांबरोबर विमानातून येते आणि पासपोर्ट बदलला तरी जात नाही.

“कातडी,” वसुधा पुटपुटली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

चंद्रशेखर देवळगावकर शांतपणे जेवत होते. निवृत्त इंजिनियर, सगळी नोकरी कॅलिफोर्नियात झालेली. ऑफिसलासुद्धा त्यांनी कायम कापडी बूट घातले, चामड्याला शिवले नाहीत. वसुधाच्या माहेरी या सोवळेपणाचं भारी कौतुक. दोघांच्या लग्नाला त्यांच्याकडचं कोणीच नव्हतं, तरी ‘मुलगा किती संस्कारी’ म्हणत सगळ्यांनी ते गोड मानून घेतलं होतं.

“वास फार येत असेल,” चंद्रशेखर म्हणाले.

“म्हणून तर त्यांना गावाबाहेर ठेवायचे, काका. नदीच्या खालच्या अंगाला.”

“आधी चुन्यात टाकत असतील. केस सुटायला.”

“करेक्ट! मग ओकच्या सालीच्या पाण्यात. तुम्हाला कसं माहीत?”

“वाचलंय कुठंतरी.”

डॅनियल खुलला. त्याने पिशवीतून चामड्याचा तपकिरी पट्टा काढला. “मी स्वतः बनवलाय. तुमच्यासाठी.”

चंद्रशेखरांनी तो डाव्या हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि ताटाशेजारी ठेवला.

“ही लाइक्स इट!” रुचा डॅनियलच्या कानाशी म्हणाली. महिनाभर तिला याच जेवणाची धास्ती होती.

“आणि लग्नात मी रुचाला तिच्या आडनावाचा इतिहास भेट देणार,” डॅनियल म्हणाला. “पुढच्या महिन्यात देवळगावला जातोय. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून तुमच्या पणजोबांपर्यंत सगळं शोधून काढतो, काका. तिकीटसुद्धा काढलंय.”

चंद्रशेखरांनी हातातला घास ताटात ठेवला.

“डॅनियल,” ते इंग्रजीत म्हणाले, एकेक शब्द त्याला नीट कळावा असे, “तो पट्टा माझ्या टेबलावरून उचल. मेलेल्या जनावरांची कातडी सोलणाऱ्यांच्या घरात मी माझी मुलगी देत नसतो.”

रुचाला आधी गंमतच वाटली. मग तिने बापाचा चेहरा पाहिला.

“बाबा, आर यू सीरियस? तुम्ही जात बघताय? त्याची?”

“हो. जातच बघतोय. रक्त बदलत नाही.”

डॅनियलचे कान लाल झाले होते. तो उठला. “माझ्या आईला मी या घरात आणू शकत नाही, रुचा,” तो म्हणाला. “तिकीट कॅन्सल करतो.”

चंद्रशेखरांनी पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात संपवला.

रुचा अनवाणी डॅनियलच्या मागे धावली. गाडीचं दार तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्याने तिची बोटं सोडवली आणि तो निघून गेला. ती आत आली तेव्हा रडतही नव्हती.

“मला तुम्ही मेलात,” ती बापाला म्हणाली आणि वर जाऊन तिने दार लावून घेतलं.

वसुधा ताटं गोळा करू लागली. “जरा कडकच बोललात,” ती म्हणाली. “पण बरं झालं. मला तर घास उतरेना. असल्यांच्या हातचं आमच्याकडे पाणीसुद्धा चालत नव्हतं, आणि जावई करून घ्यायचा?” तिने कागदी रुमालात धरून पट्टा नवऱ्याकडे सरकवला. “हे बाहेर टाका आधी. आणि हात धुऊन या.”

चंद्रशेखर गॅरेजमध्ये गेले. दार आतून लावलं. पट्टा नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

कड एका जागी वाकडी राहिली होती. रंगाच्या डब्यांमागून त्यांनी एक फडकं काढलं, त्यातून झिजलेल्या मुठीची, कातडं कापायची रापी काढली. मग ते जमिनीवर उकिडवे बसले आणि पट्ट्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून त्यांनी कड सरळ कापली, देवळगावच्या वेशीबाहेर वडिलांनी शिकवलं होतं तसं.