स्तोत्रातला माणूस

मोताळ्याच्या प्रार्थनासभेत मी एक प्राचीन हिब्रू स्तोत्र समजावून सांगत होतो. त्यातला माणूस अजून जिवंत आहे, हाडं मोजता येतील इतका खंगला आहे आणि लोक त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे कपडे वाटून घेत आहेत.

"येशूच्या शेकडो वर्षं आधी लिहिलेलं हे वर्णन कोणाचं?" मी विचारलं.

'येशूचं' हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पण माझी आईच उठली.

"हे तुले कोनं सांगतलं, बापू? तू तं तवा पुन्याले शिकत होता."

"काय सांगितलं?"

"मी तापानं पडली होती. अंगात जीव होता माह्या. अन् यायनं माहे लुगडे वाटून घेतले."

शेजारी बसलेल्या काकूनं मान खाली घातली.

"आमाले वाटलं, बाई, तुमी आता काई उठत नाही."